सीट घेतली, पण बसवणार कोण?

दिल्लीत लहान मुलांची कारसीट मिळणं आता अजिबात अवघड नाही. ऑनलाइन मागवली तर दोन-चार दिवसांत दारात येते. गुरुग्राम-नोएडाच्या मॉलमध्ये तर रांगेने मांडलेल्या असतात. घोडं अडतं ते पुढे. खोक्यातून तीन-चार पट्टे, दोन लोखंडी जबडे आणि बारीक अक्षरांतली पुस्तिका निघते. बाबा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मागच्या सीटवर गुडघे टेकून बसतात, आई दाराशी मोबाइलवर व्हिडिओ धरून उभी. तासाभराने सीट ‘बसते’. ती खरोखर बसली का, हे हात लावून सांगणारं माणूस मात्र अख्ख्या एनसीआरमध्ये शोधत फिरावं लागतं.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. तिच्या कलम १९४-बी नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलं नसेल, तर १,००० रुपये दंड. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर दिल्ली वाहतूक पोलिसांनी बाराखंबा रोडवर मागच्या प्रवाशांनाही अडवायला सुरुवात केली. मांडीवरच्या बाळासाठी चलान फाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. केरळने २०२४ मध्ये मुलांच्या सीटसाठी दंडाची घोषणा केली, पण ओरड होताच काही दिवसांत मंत्र्यांनीच माघार घेतली.

या ढिलाईचं मूळ आपल्या एका पक्क्या समजुतीत आहे: आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. या समजुतीची शहानिशा करणाऱ्यांतले एक संशोधक पुढे दिल्लीचेच झाले. दिनेश मोहन पवईच्या आयआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि नंतर आयआयटी दिल्लीत रस्ता सुरक्षेच्या संशोधनाचा पाया घातला. मे २०२१ मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं. १९७९ साली लॉरेन्स श्नायडर यांच्याबरोबर त्यांनी एक शोधनिबंध लिहिला होता. प्रश्न साधा: मोठं माणूस मांडीवरचं तान्हं बाळ धडकेच्या वेळी धरून ठेवू शकतं का? त्यांनी स्वयंसेवकांच्या मिठीची ताकद प्रत्यक्ष मोजली. उत्तर ‘नाही’ असं आलं.

हिशेब घरीही करता येतो. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचं मूल हातांना सुमारे १४० किलो वजनाइतका हिसका देतं. एवढं वजन आईने ठरवून उचलायचं म्हटलं तरी जमणार नाही. इथे तर सावरायला क्षणही मिळत नाही. रिंग रोडवर रात्री दहानंतर ५० हा वेग कुणाला वेगच वाटत नाही, हे दिल्लीकरांना सांगायला नको.

अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आपल्या आजी-आजोबांनी दुसरं टोक पाहिलेलं असतं. तिथे गाडीत सीट असल्याशिवाय बाळाला घरी पाठवायला बहुतेक इस्पितळं नाखूश असतात. पण मला अप्रूप आहे ते त्यापुढच्या व्यवस्थेचं. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले तंत्रज्ञ तिथे असतात. अग्निशमन केंद्रात, इस्पितळात, पोलीस ठाण्यात ठरल्या वेळी भेटतात, बहुधा फुकट. आणि ते सीट बसवून देत नाहीत. शेजारी उभे राहून पालकांकडून बसवून घेतात, कारण पुढच्या वेळी ती पालकांनाच काढून लावायची असते. याची गरज किती? तिथल्या सरकारी पाहणीत जवळपास ४६ टक्के सीटांच्या वापरात काही ना काही चूक सापडली होती. हे सीटची सवय पिढ्यानुपिढ्या मुरलेल्या देशात! आपल्याकडे असं जाळं उभंच राहिलेलं नाही, तेव्हा आपली टक्केवारी न काढलेलीच बरी.

असा तंत्रज्ञ समजा द्वारकेतल्या एखाद्या गाडीत डोकावला, तर त्याला प्रथम काय खटकेल? सीट कव्हर. करोल बागेत गाडी नेऊन जाड रेक्झिनचं कव्हर चढवणं हा इथला गाडी घेतल्यानंतरचा पहिला संस्कार. मुलांची सीट थेट गाडीला अडकवायच्या, म्हणजे आयसोफिक्सच्या, दोन लोखंडी कड्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत असतात. कव्हरवाला ती फटच बुजवून टाकतो. गाडीला आयसोफिक्स आहे हे मालकाला माहीत असतं, पण बोटांना ते लागत नाही. मग कव्हरवरच सीट ठेवून पट्टा आवळला जातो. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची. इंचापेक्षा जास्त सरकली तर ती सैल आहे. एवढी एक परीक्षा केली तरी कव्हरची भानगड उघडी पडते.

दुसरी अडचण सीएनजीची. तोंड पुढे करून बसवायच्या सीटला बहुधा वरून एक पट्टा असतो, टॉप टेथर. तो मागच्या पाठीवरून नेऊन गाडीतल्या ठरावीक हुकाला अडकवायचा. डिकीत सिलिंडर असला की त्या हुकापर्यंत हात पोचत नाही, मग पट्टा सामान बांधायच्या कडीत जातो किंवा नुसताच लोंबत राहतो. तो नसला तर धडकेत सीट वरून पुढे झुकते आणि मुलाचं डोकं समोरच्या सीटवर आदळू शकतं.

अमेरिकेतून भाच्याची वापरलेली सीट आणली असेल तर आणखी एक गोम. तिथल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण ओढले की जागीच घट्ट होतात. आपल्याकडचे बहुतेक पट्टे फक्त हिसका बसल्यावर अडतात, एरवी सैल सुटतात. सीटलाच पट्टा अडकवायचा चाप नसेल तर ती इथे डुगडुगतच राहते. शिवाय प्लास्टिकवर तिची मुदत छापलेली असते, आणि एकदा अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची नसते. हे भाच्याच्या आईला विचारायला लाजू नये.

दिल्लीच्या थंडीचं तर वेगळंच प्रकरण. डिसेंबरात मुलं फुगलेल्या जॅकेटात कोंबलेली असतात. पट्टा वरून घट्ट दिसतो, पण धडकेत जॅकेटची हवा निघून जाते आणि आत बोटभर ढील उरते. जॅकेट काढून पट्टे लावावेत, खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये, आणि मग वरून ब्लँकेट घालावं. आजी रागावतील, हीटर लावला की निवळतील.

तान्ह्याचं तोंड मागच्या काचेकडेच हवं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक. धडकेत सीटची पाठ डोक्याला आणि पाठीला एकत्र झेलते. युरोपच्या नव्या नियमात हे किमान १५ महिन्यांपर्यंत सक्तीचं आहे. अशी सीट चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग उघडली की थेट सीटच्या पाठीवर बसते.

मग तज्ज्ञ कुठून आणायचा? पहिला हक्क शोरूमवर सांगावा. ऑगस्ट २०२३ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणारं भारत एनकॅप सुरू झालं, तेव्हापासून गाडीच्या जाहिरातीत मुलांच्या सुरक्षेचे तारे मिरवले जातात. त्या ताऱ्यांमागचे गुण ४९ पैकी असतात, आणि चाचणीत दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराचे पुतळे सीटमध्ये बांधून गाडी आदळतात. म्हणजे त्या गाडीत कुणीतरी सीट नीट बसवलेली आहे! गाडी ताब्यात घेताना विचारावं: चाचणीत कोणती सीट होती, आयसोफिक्सच्या कड्या दाखवा, टेथरचा हूक दाखवा, एअरबॅग बंद कुठून होते ते दाखवा. विक्रेता गोंधळेल, वर्कशॉपमधून कुणाला तरी बोलावेल. बोलावू द्यावं. सीट ऑनलाइन घेतली असेल तर कंपनीला फोन करून व्हिडिओ कॉलवर बसवून दाखवायला सांगावं. त्यांनी दाखवल्यावर सीट काढून आपण पुन्हा लावावी आणि त्यांना तपासू द्यावी.

एनसीआरमधली कितीतरी बिऱ्हाडं मात्र गाडी न बाळगता ॲपच्या टॅक्सीनेच फिरतात. त्यांनी पट्ट्याने बसणारी हलकी सीट निवडावी, कारण आयसोफिक्स प्रत्येक टॅक्सीत मिळेलच असं नाही. बुकिंग झाल्या झाल्या चालकाला फोन करावा: “भैया, पीछे की बेल्ट का बकल निकाल के रखिए.” तो बहुधा कव्हरखाली गाडलेला असतो आणि उकरून काढायला चार-पाच मिनिटं लागतात.