नाव नोंदले, पुढे काय?

दवाखान्याच्या नोंदवहीत नाव चढले की रुग्णाची सोय लागली, असा आपला एक भाबडा समज असतो. हिवतापासारख्या थोड्या दिवसांच्या दुखण्यात तो फारसा नडत नाही. परंतु एचआयव्हीसारख्या जन्माची सोबत करणाऱ्या विकारात नोंद ही प्रवासाची केवळ वेस होय. खरी कसोटी लागते ती पुढच्या वाटेवर.

हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतच ठाण मांडतो. आजची औषधे त्याची वाढ थोपवतात, पण पेशींत दडलेला विषाणू निपटून काढू शकत नाहीत. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते. ती नेमाने घेतली, तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडू नये इतके घटते; माणूस आपला कामधंदा करू लागतो, आणि प्रमाण असे घटलेले राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागणही होत नाही. खंड पडला, की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा डोके वर काढतो. वारंवार खंड पडला, तर तो औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते.

मग अशी संजीवनी माणसे सोडतात तरी का? बेफिकिरी, अडाणीपणा, असे उत्तर आपण चटकन देतो. जरा थांबून हिशेब करू. उपचारकेंद्र जिल्ह्याच्या गावी. जाण्यायेण्याचे भाडे पडते, दिवसाची मजुरी बुडते, आणि रांगेत गावचा कोणी भेटला तर काय, ही धास्ती असतेच. शिवाय अंगात बळ आले की वाटते, आता गोळी कशाला? कित्येकदा नियमानेच माणसे गमावली. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 रोजी आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू केला. त्या काळी प्रतिकारपेशी पुष्कळ घटल्याखेरीज सहसा औषध देत नसत. धडधाकट दिसणाऱ्याला 'पुढे या' म्हणून परत पाठवावे लागे, आणि त्यांतले कित्येक आले ते अंथरुणाला खिळल्यावरच. 2017 साली ही अट गेली. लागण आढळली की उपचार, असे धोरण ठरले.

वाटेचा प्रश्न कसा सुटतो, याचे एक बोलके उदाहरण आफ्रिकेतील मोझांबिक देशात आहे. तेथील तेते प्रांतात 2008 साली प्रकृती स्थिरावलेल्या रुग्णांचे सहा-सहा जणांपर्यंतचे गट झाले. दर महिन्याला एकाने दवाखान्यात जावे, स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि सर्वांची औषधे आणावीत. सहा जणांच्या गटात प्रत्येकाची खेप सहा महिन्यांतून एकदाच! एकमेकांच्या गोळ्या मोजल्या जात, कोणी खचला तर बाकीचे त्याच्या दारी जात. चार वर्षांनंतरही या गटांतील शेकडा नव्वदांहून अधिक रुग्ण उपचारात टिकून होते. गटात मुळात स्थिर प्रकृतीचेच लोक होते, हे ध्यानात ठेवूनही हा आकडा लहान नाही.

आपल्याकडेही तालुक्यांच्या ठिकाणी जोडकेंद्रे निघाली. स्थिर रुग्णांना दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याची प्रथा पडली. 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. त्याने नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास मनाई केली आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले. तरीही शेजाऱ्याची नजर कायद्याने बदलत नाही. ती आपल्यालाच बदलावी लागेल.

ठरल्या दिवशी रुग्ण आला नाही, म्हणजे नोंदवहीत एक घर रिकामे राहते. त्याच्यावर 'गैरहजर' असा शिक्का मारण्याआधी आपण एवढे विचारावे: त्याची वाट कोठे अडली? ती मोकळी करणे हादेखील औषधोपचाराचाच भाग आहे.