एका आकड्यावर अडलेली पीएचपी

प्रोग्रामरने लिहिलेला कोड वाचून तो संगणकाकडून राबवून घेतो तो इंटरप्रिटर. त्यातच बग असला की निर्दोष प्रोग्रामही गोत्यात येतो. पीएचपी या भाषेत २०११ च्या सुरुवातीला असेच उघडकीला आले. २.२२५०७३८५८५०७२०११ भागिले दहाचा ३०८ वा घात, हा अतिसूक्ष्म आकडा समोर आला की काही ३२ बिटी यंत्रांवर इंटरप्रिटर कायमचा अडकून बसे. वेबसाइटच्या फॉर्ममधून कुणी तो पाठवला आणि प्रोग्रामने त्याची संख्या करायला घेतली, की सर्व्हरची ताकद तिथेच खर्ची!

हा बिघाड दाखवायला एका ओळीचा कोड पुरे होता. चालवा, आणि दोष डोळ्यांसमोर. बग कळवण्याची मला हीच सर्वांत उपकारक रीत वाटते. दुरुस्त करणाऱ्याचे निम्मे काम तिथेच होते.

मूळ निघाले प्रोसेसरच्या जुन्या गणिती भागात. ६४ बिटांत मावायची संख्या तो ८० बिटांत धरून ठेवी, त्यामुळे उत्तराचा अंदाज सुधारत नेणारे लूप थांबतच नसे. उपाय म्हणून इंटरप्रिटरच्या सी भाषेतल्या कोडमध्ये ‘व्होलाटाइल’ हा शब्द घातला. त्यामुळे मधली किंमत मेमरीत लिहिणे भाग पडले आणि ती ६४ बिटांतच राहिली. ही दुरुस्ती घेऊन ६ जानेवारीला ५.३.५ आणि ५.२.१७ या आवृत्त्या निघाल्या. तो आकडा पीएचपीच्या चाचण्यांमध्येही दाखल झाला.