समाधीचा फंड आणि शिवजन्माची तिथी

शिवाजी महाराजांची आठवण महाराष्ट्रातून कधीच पुसली गेली नव्हती. बखरी होत्या, पोवाडे होते, ते गाणारे शाहीर होते. तरीही १८८३ साली जेम्स डग्लसने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेवर बोट ठेवले आणि त्यानंतर पुण्यात हिराबागेत सभा भरली, तेव्हा त्यातून मोठे असे काही उभे राहिले नाही. पुढे, १८९५ च्या एप्रिलमध्ये, टिळकांच्या ‘केसरी’ने तोच विषय हाती घेतला आणि पुढच्या वर्षी रायगडावर उत्सव झाला. समाधीबद्दल मधल्या काळात नवे काही उजेडात आले नव्हते. नवे होते ते दर मंगळवारी निघणाऱ्या पत्राने लावलेले सातत्य. टिळकांनी फंड उघडला, देणगीदारांची नावे आणि रकमा छापल्या. शाहिराचा पोवाडा ऐकणारा माणूस श्रोता असतो. आपल्या नावापुढे चार आणे छापलेले पाहणारा वाचक मात्र त्या स्मृतीचा भागीदार होतो, आणि शेजारच्या ओळीत दुसऱ्या जिल्ह्यातला अनोळखी माणूसही त्याच कामात आहे हे त्याला दिसते. राष्ट्र म्हणून एकमेकांना ओळखण्याची ही सुरुवात होती, असे माझे मत आहे.

या भागीदारीची ताकद सरकारने लगेच ओळखली. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त पुण्यातल्या शिवोत्सवाचा वृत्तान्त आणि महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली. अफझलखानाचा वध योग्य होता का, यावर उत्सवात झालेली भाषणेही त्या वृत्तान्तात होती. आठवड्याने, २२ जूनला, गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी घडलेली घटना २३८ वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात वादाचा विषय झाली. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, इतका सैल अर्थ लावला. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. इतिहास छापणे आणि वर्तमानावर बोलणे यांत फरक नाही, हे सरकारी पक्षाने एका अर्थी मान्यच केले होते.

यावर पहिला आक्षेप असा की ही स्मृती सगळ्या मराठी समाजाची नव्हती, पुण्यातल्या एका वर्गाने ती आपल्या सोयीने घडवली. आक्षेप खोटा नाही. जोतीराव फुल्यांनी महाराजांवरचा पोवाडा १८६९ सालीच लिहिला होता आणि त्यातला राजा शूद्रातिशूद्रांचा होता. १८७७ साली निघालेल्या ‘दीनबंधू’ने त्याच परंपरेतले राजकारण चालवले. पुढे कोल्हापुरात वेदोक्ताचा, म्हणजे राजघराण्याचे विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत या मागणीचा, वाद पेटला तेव्हा शाहू महाराजांचा पक्ष शिवराज्याभिषेकाचा दाखला देत होता, आणि ज्या ‘केसरी’ने रायगडाची हाक घातली होती तोच १९०१ मध्ये त्या मागणीला खूळ म्हणत होता. टिळकांच्या थोरवीचा आदर ठेवूनही ही त्यांची चूक होती, असे म्हटले पाहिजे: वर्गणी सर्वांकडून मागायची आणि वारसा मात्र मोजून द्यायचा, हे चालण्यासारखे नव्हते. पण हा विरोध आज आपल्याला दिसतो, तपासता येतो, तोही दोन्ही बाजूंनी छापले म्हणूनच. एकच पत्र असते तर स्मृतीही एकच उरली असती.

दुसरा आक्षेप मुसलमान समाजाचा: ज्या वीराचे शत्रू मुसलमान राज्यकर्ते होते, तो सर्वांचा कसा? टिळकांनी हा प्रश्न टाळला नाही. २४ जून १९०६ च्या ‘मराठा’त त्यांनी लिहिले त्याचा आशय असा की उत्सव मुसलमानांना दुखावण्यासाठी नाही, काळ बदलला आहे आणि उद्याचा पुढारी मुसलमानही असू शकेल. उत्तर प्रामाणिक होते, पण अपुरे. कारण अफझलखानाच्या प्रसंगावर दिलेला भर एका लेखाने उतरत नाही. तिकडे बंगालमध्ये पत्रकार सखाराम गणेश देउस्करांनी शिवोत्सव रुजवला, तेव्हा त्याला स्वदेशीचा रंग चढला. त्याच बंगालच्या प्रजेला मराठ्यांच्या स्वाऱ्यांची वेगळी, कडवट आठवण होती, हे लक्षात घेतले की वर्तमानपत्राने निवडीचे केवढे काम केले ते कळते.

मग प्रश्न उरतो तो पुराव्याचा. राष्ट्राला श्रद्धा लागते, चिकित्सेने ती दुबळी होते, असे अनेकांना मनापासून वाटते. याला सगळ्यांत ठोस उत्तर टिळकांच्याच कामात आहे. महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली, असे सर्वत्र मानले जात होते. १९०० साली टिळकांनीच जन्मतिथीची चर्चा ‘केसरी’त उघडली. पुढे कारीच्या जेधे देशमुखांकडून त्यांच्या हाती शकावली आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ती त्यांनी दडवली नाही. १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत छापून टीकेसाठी खुली केली. परमानंदाच्या ‘शिवभारता’ने पुढे तिला पुष्टी दिली. तिथीवर दीर्घ वाद झाला, शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारायला विसावे शतक उलटले, आणि एवढ्या काळात महाराजांवरची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही.