थरथर हातात, दुखणे चाकात

आपला बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेने दोन भागांत वाटला आहे. गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी, सपाट जमीन. पाटोदा, धारूर, अंबाजोगाईकडे माळ, दगड आणि घाट. अशा मुलखात जीप रुळली यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतली. पुढे काळी-पिवळी होऊन तिने आपल्याकडचे बाजारकरी वाहिले, वऱ्हाडी वाहिले, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोहोचवल्या. आज ती रस्त्यावर कमी दिसते; पण शेतात, वस्तीवर, हौशी तरुणांच्या दारात अजून उभी आहे.

या जीपची एक जुनी खोड म्हणजे तिची उंची वाढवणे. पूर्वी ती भारासाठी वाढवत. सहा-सात माणसांच्या गाडीत पंधरा बसवायची, मग गाडी बसू नये म्हणून पुढे-मागे एकेक पाटा जास्त घालायचा. आता ती हौसेसाठी वाढवतात. मोठे टायर, लांब शॅकल, गाडी कशी रुबाबदार दिसली पाहिजे! आणि मग महिन्याभरात तक्रार सुरू होते. स्टेअरिंग थरथरते, गाडी रस्ता सोडते, खड्ड्यात हाताला हिसका बसतो.

अशा वेळी बहुतेक जण दोनच उपाय करतात. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात, नाहीतर स्टेअरिंगला धक्के शोषणारा डँपर बसवतात. आजची थरथर थांबते. पण थरथर हाताला कळते म्हणून दुखणे हातापाशी असते, असे नाही. तापाची गोळी घेऊन ताप उतरवावा आणि आतला रोग तसाच वाढू द्यावा, तसे हे आहे.

सलग अ‍ॅक्सलचा स्वभाव

हल्लीच्या बहुतेक मोटारींची पुढची दोन चाके स्वतंत्रपणे खाली-वर होतात. जुन्या जीपला, मारुतीच्या जिप्सीला आणि २०२३ साली आपल्याकडे आलेल्या जिम्नीला मात्र पुढे एकच सलग अ‍ॅक्सल आहे. खांद्यावरच्या कावडीसारखा. एक टोक वर गेले की दुसऱ्याला कळतेच. दगडावर एक चाक चढले की अख्खा अ‍ॅक्सल तिरपा होतो. फिरता भोवरा एका बाजूला कलवू पाहिला तर तो भलतीकडेच वळतो. फिरते चाकही तसेच. ते कलले की वळू पाहते, आणि त्याच्याबरोबर टाय रॉडने जोडलेले पलीकडचे चाकही वळते. सगळे सांधे घट्ट असतील तर हा हिसका तिथेच विरतो. कुठे ढिलाई असेल तर तो इकडून तिकडे, तिकडून इकडे वाढत जातो आणि क्षणात अख्खी गाडी हादरू लागते. जगभरच्या जीपवाल्यांनी या हादऱ्याला मृत्यूचेच नाव दिले आहे, ते उगीच नाही.

उंची वाढली की काय बदलते?

पहिली गोष्ट म्हणजे किंग पिनचा कल. सायकलच्या पुढच्या चाकाचा दांडा वरून मागे झुकलेला असतो. म्हणूनच पोरे हात सोडून सायकल चालवू शकतात. चाक आपोआप सरळ येते. जीपच्या चाकालाही असाच कल असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. विलीजच्या जुन्या जीपला तो अवघा ३ अंश ठेवलेला होता. पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि तो लांब केला, तर पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर अ‍ॅक्सल गोल फिरतो आणि तीन अंशांतला एखादा अंश सहज खाल्ला जातो. एक मात्रा कमी पडली की कवितेची ओळ अडखळते. इथे एका अंशात गाडी अडखळते. वळणानंतर स्टेअरिंग आपसूक परत येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भटकते.

दुसरी गोष्ट म्हणजे ड्रॅग लिंक. स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा हा दांडा जवळजवळ आडवा असला पाहिजे. गाडी उचलली की बॉक्स वर जातो, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि दांडा तिरपा होतो. समजा दांडा ६० सेंटिमीटरचा आहे. तो आडवा असताना अ‍ॅक्सल ५ सेंटिमीटर वर आला, तर दांड्याचे टोक आडव्या दिशेने जेमतेम २ मिलिमीटर सरकते. तोच दांडा आधीच १० सेंटिमीटर उतरता असेल, तर तेवढ्याच खड्ड्यात ते ६ मिलिमीटर सरकते. म्हणजे तिप्पट! चालकाने स्टेअरिंग हलवलेले नसते, तरी चाक वळते.

तिसरी गोष्ट टायरची. मोठा टायर जड असतो. कारखान्याने लहान टायरसाठी बनवलेल्या बॉल जॉइंटला आणि बेअरिंगला तो पेलावा लागतो. ते लवकर झिजतात.

तक्रार नीट ऐकावी

चांगला हकीम आधी नाडी बघतो. चांगला मिस्त्री आधी विचारतो, कधीपासून? कोणत्या वेगाला? खड्ड्यानंतर की सरळ रस्त्यावर? उत्तरातच अर्धे निदान असते.

एका ठरावीक वेगाला थरथर येते आणि वेग वाढवला की जाते? मग चाकाचा तोल किंवा वाकलेली रिम पाहावी. खड्ड्यात आपटल्यावर एकदम हादरा सुरू होतो? मग सांध्यातली ढिलाई किंवा कॅस्टर. वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही? कॅस्टर कमी झाला आहे, किंवा किंग पिन कोरडी, आवळलेली आहे. उचलल्यावर स्टेअरिंग नुसतेच वाकडे राहते? ते ड्रॅग लिंकची लांबी जुळवून सरळ होते. सलग टाय रॉड असेल तर उंचीमुळे चाकांचे टो-इन बिघडत नाही.

गाडी सतत एकाच बाजूला ओढते का? आधी दोन्ही टायरांची हवा सारखी करावी आणि एखादा ब्रेक धरून राहतो का ते पाहावे. मग टेपने दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. फरक आला तर पाट्याचा मधला बोल्ट तुटला असेल किंवा यू-बोल्ट ढिले होऊन अ‍ॅक्सल सरकला असेल. दहा मिनिटांचे काम, पण फार थोडे लोक ते करतात.

दोन माणसांची तपासणी

आता मुख्य तपासणी. तिला यंत्र लागत नाही, दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करावी, चाके जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहावे. दुसऱ्याने खाली वाकून बॉक्सपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जावे. जिथे एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही, तिथे चोर सापडला! बॉक्सच चासीवर हलत असेल, तर त्याचे बोल्ट किंवा चासीची चीर पाहावी.

मग जॅक लावून, खाली भक्कम टेकू देऊन एक चाक उचलावे. वर-खाली धरून हलवावे. खडखड वाटली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंग पिनचा. डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर टाय रॉडचे सांधे तपासावेत.

दुरुस्तीचा क्रमही असाच ठेवावा. आधी हवा आणि चाकाचा तोल, मग झिजलेले सांधे, मग बेअरिंग आणि किंग पिन, मग कॅस्टर. कॅस्टर परत आणायला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उताराची लोखंडी पाचर बसवतात. तिचे जाड टोक उलट बाजूला गेले तर रोग बरा होण्याऐवजी दुप्पट होतो. म्हणून बसवण्याआधी आणि नंतर कोन मोजून घ्यावा. बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो जास्त आवळला तर स्टेअरिंग जड होते आणि आतले दाते झिजतात. डँपर लावायचाच तर सगळे ठीक झाल्यावर लावावा. खोट लपवायला नव्हे.

रस्त्यात हादरा आलाच तर

घाबरून गचकन ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरावे, पण अंगठे आत अडकवू नयेत. हिसक्याने ते मोडू शकतात. वेग हळूहळू उतरू द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी. थरथर थांबली म्हणून पुढच्या गावापर्यंत दामटू नये. ज्या सांध्याने आज इशारा दिला, तो उद्या निखळू शकतो. स्प्लिट पिन नसलेला एक नट मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात गळून पडला तर काय होईल, हे सांगायला नको.

कायदाही लक्षात ठेवावा. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९च्या जानेवारीत हेच स्पष्ट केले. तेव्हा गाडी उचलण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आधीच उचललेली असेल तर मूळ पाटे आणि मूळ मापाचे टायर परत बसवणे हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे.

आपल्या भागात गॅरेजमधल्या जाणत्या मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. उस्ताद म्हणजे शिकवणारा. तो गाडीखाली शिरला की मालकाने चहा प्यायला जाऊ नये. स्टेअरिंगवर बसावे, तो सांगेल तसे हलवावे आणि कुठला सांधा ढिला निघाला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. गाडीत मागे बसणाऱ्यांना किंग पिन माहीत नसते, कॅस्टर माहीत नसतो. ते फक्त पुढे बसलेल्या माणसाच्या भरवशावर बसतात.