‘अंदाज’ एक, अर्थ अनेक: हवामान विभागाची ‘शक्यता’ आणि सरकारचा ‘दुष्काळसदृश’ म्हणजे नेमकं काय?

जून लागला की मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला असतो, “मराठवाड्यात तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता.” दुसरा त्या पहिल्यावरचा विनोद असतो, “खात्यानं पाऊस सांगितलाय, म्हणजे आज छत्री नको.” शहरात हा विनोद फुकट असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात मात्र त्याच मेसेजच्या भरवशावर सोयाबीनची बॅग फोडायची की नाही हे ठरतं. बियाणं जमिनीत गेलं आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणी अटळ.

गंमत अशी की खात्याचा अंदाज चुकला असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा आपण तो वाचलेलाच चुकीचा असतो. कारण त्यातले शब्द दिसतात रोजच्या बोलण्यातले, पण त्यांच्यामागे ठरलेली मापं आहेत. ती मापं मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला माहीत नसतात.

आधी मूळ शब्दाचं बघू. इंग्रजीत ‘गेस’ म्हणजे हाताशी काही नसताना मारलेला खडा. ‘एस्टिमेट’ म्हणजे काहीतरी मोजून काढलेला, पण पक्का नसलेला आकडा. ‘फोरकास्ट’ म्हणजे नोंदी आणि गणित यांच्या आधारे पुढच्या काळाबद्दल सांगितलेली गोष्ट, आणि ‘असेसमेंट’ म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचं मूल्यमापन. मराठीत या सगळ्यांना आपण ‘अंदाज’ म्हणतो. विधिमंडळाची एस्टिमेट्स कमिटी ही ‘अंदाज समिती’, बजेट हे ‘अंदाजपत्रक’, हवामानाचा तो ‘अंदाज’, आणि भाजीत मीठ टाकायचं तेही ‘अंदाजानंच’. त्यामुळे उपग्रह, रडार आणि संगणकाच्या प्रारूपांतून आलेली गोष्ट आणि पारावर बसून केलेली गोष्ट, दोन्ही आपल्या कानाला सारख्याच वजनाच्या वाटतात.

मराठीत शब्द कमी आहेत असं मात्र नाही. ‘अटकळ’ बांधली जाते, म्हणजे पुरावा तोकडा असतो. ‘कयास’ आणि ‘तर्क’ यांना काहीतरी कारण लागतं. ‘आडाखा’ हिशेबी माणसाचा असतो. ‘ठोकताळा’ वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बनतो. मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की पाऊस जवळ आला, हा ठोकताळा. ‘होरा’ ज्योतिषातून आला आणि आता राजकीय बातम्यांमध्ये जाऊन बसला. ‘भाकीत’ करणाऱ्याला तर कारण सांगावंच लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊस, पिकं, अगदी देशाचं राजकारण यांबद्दल भाकीत सांगितलं जातं. त्यात एखाद्या पिकासाठी ‘मोघम’ हा शब्द येतो. मोघम हे कधीच खोटं ठरत नाही. हवामानाच्या अंदाजाचं तसं नाही, तो खोटा ठरू शकतो आणि किती वेळा ठरला हे मोजताही येतं. दोघांतला खरा फरक तिथे आहे.

‘तुरळक’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे

आता त्या पहिल्या मेसेजकडे येऊ. “तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता” यात तीन वेगवेगळी मापं आहेत.

‘तुरळक ठिकाणी’ हे पावसाचं प्रमाण नाही, ते विस्ताराचं माप आहे. एखाद्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. २६ ते ५० टक्के केंद्रं असतील तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के असतील तर ‘बऱ्याच ठिकाणी’ किंवा ‘अनेक ठिकाणी’, आणि त्याहून जास्त असतील तर ‘बहुतांश ठिकाणी’.

‘जोरदार’ हे प्रमाणाचं माप. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार. त्यापुढे अत्यंत जोरदार. या भाषेत १५.६ मिलिमीटरपासून ६४.४ पर्यंतचा पाऊस फक्त ‘मध्यम’ असतो. शेतात पाणी साचवणारा ६० मिलिमीटरचा पाऊस वाशीत पडला तर गावकरी त्याला मध्यम म्हणणार नाहीत, पण पत्रकात तो मध्यमच राहील.

म्हणजे “तुरळक ठिकाणी जोरदार” याचा अर्थ असा, की बहुतेक गावांत जोरदार पाऊस होणार नाही, पण ज्या थोड्या गावांत होईल तिथे चांगलाच झोडपेल. तुमच्या शिवारात थेंब पडला नाही आणि शेजारच्या मंडळात ओढा फुटून वाहिला, तरी अंदाज बरोबरच ठरतो.

तिसरा शब्द ‘शक्यता’, आणि तो सगळ्यांत फसवा आहे. हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांत ‘लाइकली’ या शब्दामागे २५ ते ५० टक्के संभाव्यता धरलेली असते. ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के, आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे त्याहून जास्त. रोजच्या इंग्रजीत ‘लाइकली’ म्हटलं की ऐकणारा निम्म्याहून जास्त धरतो. मराठीत तर ही पायरीच बातमीपर्यंत येता येता गळून पडते. मूळ पत्रकातलं ‘लाइकली’ असो की ‘व्हेरी लाइकली’, मथळ्यात दोन्हींचं ‘शक्यता’ होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचेपर्यंत त्याचं “पाऊस पडणार” झालेलं असतं.

रंगांचंही थोडक्यात सांगतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे रंग किती मिलिमीटर पाऊस पडेल एवढंच दाखवत नाहीत, त्यानं काय नुकसान होऊ शकतं तेही विचारात घेतात. आणि एक व्यावहारिक गोष्ट: हवामानाच्या अ‍ॅपमध्ये नुसतं ‘वाशी’ टाकू नका. नवी मुंबईतलं वाशी पुढे आलं, तर कोकणातला पाऊस पाहून तुम्ही बालाघाटात पेरणी कराल. जिल्हा बघून गाव निवडा.

देश ‘सरासरीच्या आसपास’, वाशी दुष्काळात

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजातला ‘सामान्य’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये हवामान विभागानं देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल, असं सांगितलं आणि त्यात ५ टक्के कमी-जास्त धरले. देशपातळीवर ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. प्रत्यक्षात ९४ टक्के पाऊस झाला. आकड्यांच्या हिशेबात अंदाज चुकीच्या मर्यादेतच राहिला.

पण त्याच वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीन फुलात आणि शेंगेत असतानाचा हा खंड. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. धाराशिव जिल्ह्यातून त्या यादीत वाशी, धाराशिव आणि लोहारा होते.

देशाची सरासरी वाशीच्या शिवाराबद्दल काहीच सांगत नाही, आणि चार महिन्यांची बेरीज त्यातल्या तीन आठवड्यांच्या खंडाबद्दल सांगत नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. जिल्हा किंवा हवामान उपविभाग यांच्यासाठी ‘सामान्य’ची व्याख्या वेगळी आहे. तिथे सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस झाला तरी तो सामान्यच. शब्द तोच, पण माप चौपटीहून मोठं.

नजर अंदाज: निकालाची भाषा

इथपर्यंत पुढच्या काळाचे शब्द झाले. पीक गेल्यावर दुसरी शब्दावली सुरू होते, आणि पैसा तिच्यावर चालतो.

महसूल खात्यात खरिपाची आधी ‘नजर अंदाज पैसेवारी’ निघते, मग ‘सुधारित’, आणि शेवटी ‘अंतिम’. हिंदीत ‘नजरअंदाज’ म्हणजे दुर्लक्ष करणं, मराठी सरकारी कागदात मात्र डोळ्यांनी पाहून केलेलं मूल्यमापन. (दुष्काळी गावांतले लोक कधीकधी हिंदी अर्थच जास्त खरा असल्याचं सांगतील.) पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, म्हणून ‘आणेवारी’, नाणी दशमान झाली आणि पैसेवारी आली. पीक प्रमाण उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे पैसेवारी ५० पैशांच्या आत, की गाव टंचाईत.

गावकऱ्यांना ही भाषा कळायची. त्यावर भांडता यायचं. पण केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनं निकषच बदलले. आता आधी पावसाची तूट किंवा खंड बघतात. मग उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, पेरणीखालचं क्षेत्र, भूजल आणि धरणसाठा. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळणी. पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दुष्काळ ‘मध्यम’, त्याहून जास्त असेल तर ‘गंभीर’. २०२३ च्या ४० तालुक्यांपैकी २४ गंभीर आणि १६ मध्यम ठरले. हे विशेषण शोभेचं नाही. राष्ट्रीय आपत्ती निधीतून मदत मागायची तर संहितेनुसार ‘गंभीर’ हा शब्द लागतो.

तालुक्यांची यादी आली तशी बाहेर राहिलेल्यांची ओरड सुरू झाली. वाशीच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यांतही पाऊस काही वेगळा पडला नव्हता, अशी तक्रार होती. मग नोव्हेंबरमध्ये सरकारनं आणखी १०२१ महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट, परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती तिथेही लागू झाल्या. पण ‘दुष्काळसदृश’ हा शब्द केंद्राच्या संहितेत नाही. ‘सदृश’ म्हणजे सारखं दिसणारं. राज्य आपल्या अखत्यारीतल्या सवलती त्या शब्दावर देऊ शकतं, दिल्लीच्या दारात तो चालत नाही. मला हा शब्द प्रशासनाच्या सोयीचा वाटतो: नाही म्हणायचं नाही आणि पूर्ण हो सुद्धा म्हणायचं नाही.

दोन वर्षांनी चित्र उलटं झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम, वाशीचा पट्टा पाण्यात होता आणि मराठवाडाभर एकच मागणी होती, ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा. लोकांच्या तोंडी हा शब्द पिढ्यान् पिढ्या आहे. नियमावलीत तो नाही, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, आणि दुष्काळातल्या सवलती मात्र देऊ असं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं. शब्द न देता सवलती दिल्या गेल्या.

अतिवृष्टीचं माप मात्र लेखी आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. आणि तो मोजला जातो मंडळातल्या पर्जन्यमापकावर, तुमच्या बांधावर नव्हे. त्यामुळे आपलं गाव कोणत्या मंडळात येतं आणि तिथे त्या दिवशी किती पावसाची नोंद झाली, हे पंचनाम्याच्या आधी विचारून ठेवा. तलाठी किंवा मंडळ अधिकाऱ्याशी बोलताना “लई पाऊस झाला” यापेक्षा “आपल्या मंडळात किती मिलिमीटर नोंदला?” हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.