एका वेळीं सहा संसार

संसार करण्यापूर्वीं संसाराचा खेळ करून पाहण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत बाल पार्वतीस मंदाकिनीच्या वाळवंटांत चेंडू व बाहुल्या घेऊन सख्यांसह खेळतांना दाखविलें आहे. आपल्या घरोघरच्या मुलींनीं पाटावर बोळकीं मांडावीं, गूळ-चुरमुऱ्यांची पंगत वाढावी, आणि दिवेलागणीस सारें डब्यांत भरून ठेवावें, कीं तो संसार संपला. आतां त्या भातुकलीनें संगणकांत बिऱ्हाड केलें असून तिची यजमानीण एक सोडून सहा-सहा घरें चालविते. ज्या वाचकांच्या घरीं नातवंडें आहेत, त्यांस या नव्या भातुकलीची थोडी ओळख असावी असें आम्हांस वाटतें.

खेळाचें नांव 'द सिम्स'. त्याचे रचनाकार विल राइट यांचें घर १९९१ सालीं अमेरिकेंतील ओकलंड येथें लागलेल्या आगींत भस्मसात् झालें. नव्यानें संसार उभारतांना कोणती वस्तु आधीं हवी व कोणती मागून, या विचारांतून त्यांस ही कल्पना सुचली, आणि २००० सालीं खेळ प्रसिद्ध झाला. यांत शत्रु नाहीं, युद्ध नाहीं, आणि शेवटची जीतही नाहीं. २०१४ सालच्या चौथ्या आवृत्तींत एका घरांत फार तर आठ माणसें राहतात. एकट्यानें घर थाटल्यास हातीं वीस हजार नाणीं मिळतात. त्यांतच जागा, भिंती, चूल, अंथरूण. प्रत्येकास सहा गरजा : भूक, झोंप, स्वच्छता, शौच, करमणूक आणि सहवास. पोट भरलेलें असूनही बोलावयास कोणी नसेल तर माणूस उदास होतें, हें त्या रचनाकारानें ओळखलें, याबद्दल त्याचें कौतुक केलें पाहिजे.

एक घर चालविणें सोपें. खरी परीक्षा अनेक घरांची. आमची नात ठाण्यास नववींत शिकते. मे महिन्यांत ती कासूस आली कीं दुपारभर ओटीवर तिचा हा कारभार चालतो. तिनें वहींत पाळी लावली आहे : प्रत्येक घरास खेळांतला एक आठवडा. खेळांतलें एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. तेव्हां एक दिवस चोवीस मिनिटांचा, आठवडा दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, आणि सहा घरांची एक फेरी जवळजवळ सतरा तासांची! घर सोडण्यापूर्वीं देणीं भागवावयाचीं, आणि कोणाचें काय चाललें आहे तें लिहून ठेवावयाचें. नाहीं तर फिरून येईपर्यंत विसर पडतो. शिवाय खेळणाऱ्यांनीं आपसांत घातलेले पणही असतात. त्यांतला एक प्रसिद्ध पण म्हणजे एकट्या मूळपुरुषापासून दहा पिढ्यांपर्यंत वंश चालविणें. आपल्या कुलवृत्तांतांतील वंशावळी पाहणारास त्यांत नवल वाटणार नाहीं. मात्र हा पण एका घरीं लावला कीं सारें लक्ष तेथेंच गुंतून बाकीच्या पांच घरांची पाळी चुकूं लागते, हा नातीचा अनुभव.

कोणी म्हणेल, हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? मर्यादा न पाळल्यास खचितच आहे. परंतु सतरा तास ओळीनें वांटून देण्याची शिस्त, मिळकतीबाहेर खर्च न करण्याची संवय, आणि आवडत्या घरापायीं नावडतें उपाशीं न ठेवण्याची समबुद्धि, हे गुण कोणत्याही एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास हवेतच.

आम्हांस खटकलें तें निराळें. २००४ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत एक घर सोडून दुसऱ्यांत गेलें कीं पहिल्या घरचा काळ थांबे. चौथींतही, केवळ हातांत असलेल्या घराचेंच वय वाढावें अशी योजना करतां येते, व नातीनें ती केली आहे. आमच्या वहिनी पेणेस एकट्या राहतात. पेण कासूला लागूनचेंच स्थानक. चिरंजीव परदेशीं. त्या चार दिवस आल्या असतां त्यांनीं सहज विचारलें, "आणि तूं दुसऱ्या घरीं गेलीस म्हणजे इथलीं म्हातारीं काय करतात गं?"

"कांहीं नाहीं, मोठी आजी. होतीं तशींच राहतात. वयसुद्धां वाढत नाहीं त्यांचं."

"मग बरं आहे बाई त्यांचं," एवढेंच म्हणून वहिनींनीं निवडावयाचे पोहे पुढें ओढले.

आमच्याही कुटुंबाच्या आज चार चुली आहेत : कासू, पेण, ठाणें आणि परदेश. बहुतेक वाचकांची स्थिति याहून वेगळी नसेल. घरें वाटलीं गेलीं यांत कोणाचा दोष नाहीं. शिक्षण आणि नोकरी जिकडे, तिकडे माणूस जाणारच. परंतु आपण पाठ फिरविली म्हणून पेणेचा काळ थांबत नाहीं. तेथें दिवस चोवीस तासांचाच असतो, आणि सहावी गरज रोज नव्यानें लागते. म्हणून आमची सूचना इतकीच, कीं नातवंडांच्या वहींतली पाळी वडील मंडळींनींही उचलावी : दर आठवड्यास कोणाकडे कोणी जावें, दूर असेल तर कोणी दूरध्वनि करावा, हें लिहून देवघराशेजारीं टांगावें. आमच्या घरीं तसा कागद लागला आहे. त्यावरची पेणेची ओळ नातीच्या हस्ताक्षरांत असून पहिल्या रविवारची पाळी तिनें स्वतःकडे घेतली आहे.