इनामगावची पांढर

पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड उकरायला दोन वाटा असतात. अरुंद चर घेऊन सरळ खाली जायचं, किंवा एकच थर दूरवर उघडत न्यायचा. पहिल्या वाटेने कोणत्या काळामागून कोणता काळ आला ते कळतं. माणसं कशी राहत होती ते दुसरीनेच. नाशिक, जोर्वे, नेवासे इथल्या उत्खननांतून ह. धी. सांकलियांनी ताम्रपाषाणयुगाचा क्रम बसवला होता. पुढे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला दुसरी, सावकाशीची वाट धरली. मला तो निर्णयच सर्वांत मोलाचा वाटतो.

सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून शंभराहून अधिक घरं उजेडात आली. चुली, धान्याची पेवं, कणग्या ठेवायचे गोल ओटे, कुंभाराची भट्टी, नदीचं पाणी वळवणारा कालवा. जळालेल्या दाण्यांवरून सातू हे मुख्य पीक असल्याचं कळलं. इ. स. पू. १६०० ते ७०० पर्यंतचं अख्खं गाव, आणि त्यात एकही लिहिलेलं अक्षर नाही.

सर्वांत जास्त बोलतात ती दफनं. मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उताणं निजवत, पण घोट्याखालची पावलं तोडून. मेलेल्याने उठून जाऊ नये, अशी समजूत असावी. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांचा मातीचा रांजण निघाला. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला, पावलं शाबूत. ढवळीकरांनी त्याला गावप्रमुख मानलं. घरांची मापं, धान्यकोठाराची जागा आणि हे दफन शेजारी ठेवून पाहिलं, तरच असा निष्कर्ष काढता येतो. नुसत्या चरातून तो निघाला नसता.

इ. स. पू. १०००नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शेती आटते, शिकार वाढते. पाऊस कमी झाला म्हणून लोक गुरांमागे फिरू लागले, असं ढवळीकरांचं म्हणणं. त्यावर मतभेद आहेत, आणि ते असायलाच हवेत. १९८८ साली सविस्तर अहवाल छापून या मंडळींनी घर न् घर, खड्डा न् खड्डा मांडून ठेवला. त्यांचा निष्कर्ष ज्याला पटत नाही, त्यालाही वाद घालायला पुरावा त्याच अहवालातून घ्यावा लागतो.